उत्तर बरोबर होते, पण

सन २००४ च्या मार्च महिन्यात बीबीसी वर्ल्ड वाहिनीवरील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नमंजूषेच्या पहिल्या भारतीय पर्वाची सांगता झाली. मुंबईच्या अंधेरी उपनगरातील सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा पराभव केला. पुढे भारतातच झालेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यांनी केंब्रिजच्या गॉनविल अँड कीज महाविद्यालयालाही नमविले. ब्रिटनमधील त्या पर्वाचे खरे विजेते ऑक्सफर्डचे मॉडलिन महाविद्यालय होते. अभ्यासामुळे ते येऊ शकले नाहीत म्हणून उपविजेते आले. हा तपशील आनंदाच्या भरात कोणी फारसा लक्षात घेतला नाही. आम्हीही घेतला नाही. केंब्रिज ते केंब्रिज, आणि हरविणारी मुले मुंबईची, एवढे आम्हांस पुरेसे होते.

त्या वेळी आम्ही वर्धा जिल्ह्यातील एका धर्मग्रामात होतो. धर्मगुरुनिवासातील जुन्या दूरचित्रवाणी संचासमोर आम्ही काही मुलांना घेऊन बसत असू. सूत्रसंचालक सिद्धार्थ बसू. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्विझ टाइम’मुळे ते आमच्या पिढीच्या ओळखीचे झाले होते. खेळाची रीत अशी की, पहिल्या प्रश्नाला घंटा ज्याची त्यानेच, कोणाशीही न बोलता, उत्तर द्यायचे. ते बरोबर आले तर दहा गुण, आणि मग त्याच्या संघाला तीन जोडप्रश्न. त्या तिन्हींवर मात्र चौघांनी मिळून खल करायचा. प्रश्न पुरा होण्याआधीच घंटा दाबली आणि उत्तर चुकले, तर पाच गुण वजा. एकट्याच्या धाडसाने दार उघडावे आणि आत चौघांनी मिळून जावे, ही रचना आम्हांस फार आवडे. ज्ञान ही एकट्याची मिळकत आहे की मंडळींची, या प्रश्नाला तिच्यात एक व्यवहारी उत्तर दडलेले आहे.

जाता जाता सांगावयाचे तर, आपल्या देशातील पहिली खुली प्रश्नमंजूषा १९६७ साली कलकत्त्याच्या ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात नील ओब्रायन यांनी घेतली. तेव्हा धर्मग्रामाचे सभागृह आणि घंटेचा खेळ यांचे नाते जुने आहे. त्याच उत्साहाने त्या वर्षी आम्हीही परिसरातील शाळांसाठी स्पर्धा योजली. घंटा उसन्या आणल्या. नियमावली आम्ही स्वतः लिहिली. तिच्यातील सातवा नियम असा होता : उत्तरे इंग्रजीतच द्यावीत. बाहेरून बोलाविलेल्या प्रश्नकर्त्यांना मराठी येत नव्हते, म्हणून हा नियम. दूरचित्रवाणीवरची स्पर्धाही इंग्रजीतच होती, हेही मनात असणारच. त्यामागे दुसरा हेतू नव्हता, असे आज आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकतो. पण हेतू नसणे आणि दोष नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

तिसऱ्या फेरीत प्रश्न आला. भारतात २००२ साली लागवडीची परवानगी मिळालेले बीटी कापसाचे वाण कोणत्या किडीपासून बचाव करते? देवळीकडच्या एका खेड्यातील मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या मुलीने घंटा दाबली. प्रश्न अर्धाच झाला होता. ती उभी राहिली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘बोंडअळी.’ सभागृहातील प्रत्येक माणसाला ते कळले. वर्धा जिल्ह्यात हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. प्रश्नकर्त्यांनी मात्र परीक्षकांच्या बाकाकडे पाहिले. मुख्य परीक्षक आम्हीच होतो. शेजारच्या संघाने नियमाकडे बोट दाखविले. आम्ही कागद उलगडला, सातवा नियम वाचला आणि उत्तर अमान्य केले. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. त्यांच्या कर्णधाराने तत्काळ सांगितले, ‘बोलवर्म.’ दहा गुण त्यांना मिळाले.

त्या कर्णधाराला उत्तर आधीपासून ठाऊक असेल, किंवा त्याने मुलीच्या उत्तराचे भाषांतर केले असेल. दुसरे खरे असेल तर त्या दिवशी आम्ही जाणणारीला वजा केले आणि भाषांतर करणाऱ्याला बक्षीस दिले. स्पर्धा संपल्यावर ती मुलगी आमच्याकडे आली. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. ‘फादर, माझं उत्तर चुकलं होतं का?’ आम्ही म्हणालो, ‘उत्तर बरोबर होतं, पण...’ पुढचे वाक्य आम्ही पूर्ण केलेही, नियम सर्वांना सारखा असतो वगैरे. ती ‘बरं’ म्हणून गेली. ‘पण’ मात्र आमच्यापाशी राहिला.

सेमिनरीत असताना आम्ही शिकलो होतो की, सत्य म्हणजे बुद्धीची वस्तूशी झालेली जुळणी. संत थॉमस अक्विनास यांची ही व्याख्या परीक्षेत लिहून आम्ही गुणही मिळविले होते. त्या मुलीची बुद्धी वस्तूशी तंतोतंत जुळली होती. बापाच्या शेतातील बोंडे पोखरलेली पाहून जुळली होती. जुळली नव्हती ती आमच्या कागदाशी. मग आम्ही तपासत होतो ते काय?

याला एक प्रतिवाद आहे आणि तो हलका नाही. नियम वाकविणारा परीक्षक उद्या आपल्या माणसासाठीही तो वाकवील. नियम कठोर असतो म्हणूनच ओळख नसलेल्या मुलाला त्याचा आधार वाटतो. २००९ मध्ये ब्रिटनमधील याच स्पर्धेत ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाने अंतिम सामन्यात मँचेस्टरला २७५ विरुद्ध १९० गुणांनी हरविले. काही दिवसांतच उघड झाले की, त्यांच्या चौघांपैकी एकाचे शिक्षण पर्व संपण्याआधीच संपले होते आणि तो नोकरीस लागला होता. विजेतेपद काढून घेऊन मँचेस्टरला देण्यात आले. उरलेल्या तिघांचा दोष काय, असे अनेकांनी विचारले. दोष नव्हताच. तरीही आमच्या मते तो निर्णय योग्य होता. संघ विद्यार्थ्यांचाच असावा या नियमाचा जो हेतू, त्यालाच तेथे धक्का लागला होता.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या खंडात म्हटले आहे की, कायदा सर्वसाधारण भाषेत बोलतो आणि प्रसंग मात्र विशिष्ट असतात. जेथे कायद्याचे शब्द त्याच्या हेतूच्या विरोधात जातात, तेथे ते दुरुस्त करणे हाही न्यायच. अक्विनासने त्याला उदाहरण दिले ते ठेवीचे. ठेव परत करावी हा नियम; पण तलवार ठेवणारा वेडाच्या भरात ती मागावयास आला तर देऊ नये. हे सर्व आम्हांस पाठ होते. आमच्या सातव्या नियमाचा हेतू एवढाच होता की, उत्तर प्रश्नकर्त्यांना समजावे. समजावून सांगण्यास शेजारी आम्ही बसलेलो होतो. एक शब्द उच्चारला असता तर हेतू पुरा झाला असता. कॉर्पस क्रिस्टीच्या बाबतीत नियम मोडला तेव्हा हेतूही मोडला. आमच्या सभागृहात हेतू शाबूत असताना आम्ही नियमाच्या आडोशाला उभे राहिलो. सोय होती ती आमची. वाद मिटला, वेळ वाचला.

आणि हे घडले कोठे? ऑक्टोबर १९३७ मध्ये ज्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तेथून काही मैलांवर. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या मध्यभागी हाताचे उत्पादक काम, असे त्या परिषदेने ठरविले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामात नयी तालीमचा प्रयोग उभा राहिला. त्या योजनेचे पुढे काय झाले ती कथा निराळी. पण कापसातून गणित आणि विज्ञान शिकावे, असे जेथे म्हटले गेले, तेथेच कापसातून शिकून आलेल्या मुलीला आम्ही खाली बसविले.

याचा अर्थ अंधेरीच्या मुलांचा विजय कमी, असे नव्हे. दुसऱ्याच्या मैदानात, दुसऱ्याच्या भाषेत त्यांनी तो मिळविला. त्यासाठी किती वाचन लागते हे आम्ही जाणतो. १९७५ मध्ये मँचेस्टरच्या संघाने ब्रिटनमधील मूळ स्पर्धेत निराळाच मार्ग धरला होता. ऑक्सफर्ड व केंब्रिजचे प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्र संघ पाठवू शकते, याच्या निषेधार्थ त्यांनी प्रश्न काहीही असो, मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गेव्हारा अशी उत्तरे देण्याचा सपाटा लावला. आम्हांस त्याचे हसू येते आणि थोडा हेवाही वाटतो. आमच्या मुलीला असे काही सुचणे शक्य नव्हते. तिला खेळ मोडावयाचा नव्हता, खेळावयाचा होता.

पुढच्या वर्षी आम्ही सातवा नियम खोडला आणि त्या जागी लिहिले, उत्तर कोणत्याही भाषेत चालेल. मोठे काम केल्यासारखे वाटले. दुसऱ्याच फेरीत मोहाच्या फुलांविषयी एक प्रश्न निघाला आणि वसतिगृहातील एका मुलाने गोंडीत उत्तर दिले. परीक्षकांच्या बाकावर आम्ही तिघे होतो. तिघांपैकी एकालाही गोंडी येत नव्हती. मुलगा उभाच होता. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कोणी तरी हसलेही. आम्ही घड्याळ थांबविले आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आजोबांना बोलावणे धाडले. ते पीठ लागलेले हात पुसत येईपर्यंत दहा मिनिटे गेली. त्यांनी मुलाला तो शब्द पुन्हा उच्चारावयास सांगितला, मान हलविली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘बरोबर हाय, फादर. पण आमच्या गावाकडं याला दुसरंच म्हणतात.’