दक्षिणेवाचून यज्ञ

कर्म एकाने करावे आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडावे हे शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न यज्ञकर्माची चिकित्सा करणाऱ्या पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी ज्या चिकाटीने तपासला ती पाहून आधुनिक वाचकाला थोडे हसू येते. कारण वेदी केव्हाच बुजल्या, आणि स्वर्गाची कामना धरून सोळा ऋत्विजांचे, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांचे, वरण करणारा यजमान आता बहुधा ग्रंथांतच भेटतो. परंतु विचारणारे गेले म्हणून प्रश्न निकालात निघतो असे नाही. बिटकॉइन आणि तत्सम आभासी चलनांच्या मागोमाग ‘फुकट क्लाउड मायनिंग’ म्हणून जी एक सोय घरोघरच्या मोबाइलवर येऊन बसली आहे, तिने तो प्रश्न जसाच्या तसा पुन्हा आपल्यापुढे ठेवला आहे.

नवशिक्याचा त्यातला प्रवेश अगदी सुलभ असतो. ई-मेलचा पत्ता द्यावा, परवलीचा शब्द ठरवावा, की लागलीच खात्यावर थोडी ‘हॅशशक्ती’ भेट म्हणून जमा होते आणि पडद्यावरचा एक आकडा दशांशचिन्हानंतरच्या आठव्या घरात हळूहळू सरकू लागतो. दर काही तासांनी एक बटण दाबून ते यंत्र चालू ठेवावे लागते. जाहिरात पाहिली तर वेग वाढतो, मित्रांना आमंत्रणे धाडली तर अधिक वाढतो, आणि पैसे भरून वरची श्रेणी घेतली तर फारच वाढतो. साठलेली रक्कम हाती यायला मात्र एक किमान मर्यादा गाठावी लागते, आणि तिच्यातूनही वळतीचा आकार वजा होतो. कुतूहलापोटी मीही असे एक खाते उघडून पाहिले. त्या सरकत्या आकड्याकडे पाहताना जे मंद सुख होते ते खोटे नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे; आपण निजलो असता आपल्या नावाने आइसलंडात किंवा टेक्सासात कोठेतरी यंत्रे राबत आहेत ही कल्पना गोड आहे, आणि गोड कल्पनेची उलटतपासणी करायला माणूस सहसा राजी नसतो.

ज्या मनुस्मृतीचे १९२७ साली महाडला दहन झाले, आणि ते योग्यच झाले असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे, तिच्याच दहाव्या अध्यायात धनप्राप्तीचे सात धर्म्य मार्ग मोजले आहेत: वारसा, अकस्मात लाभ, खरेदी, जय, व्याजबट्टा, कष्टाचा उद्योग आणि सज्जनाकडून स्वीकारलेले दान. जमाबंदीच्या एखाद्या जाणत्या कारकुनाने खाती पाडावीत तशी ही यादी चोख आहे, आणि फुकटच्या मायनिंगची जमा तिच्यातल्या कोणत्या खात्यात दाखवावी हे पाहू गेल्यास विचारी माणूस अडखळतो. वारसा, खरेदी, जय आणि व्याज ही खाती उघडच लागू नाहीत. कष्ट म्हणावे तर ते दूरच्या यंत्रांचे. अकस्मात लाभ म्हणावे तर सापडलेल्या गुप्तधनाला कोणी देणारा नसतो, आणि येथे तर देणारा आपल्या अटींचे लांबलचक कलमपत्र घेऊन समोर उभा असतो. आणि दान म्हणावे तर दात्याची पारख करून मगच हात पुढे करावा असा दंडक असता, या दात्याला ना चेहरा ना ठावठिकाणा. एक तर आठवे खाते उघडले पाहिजे, नाही तर कोठेतरी नोंदच चुकली असली पाहिजे.

ती कोठे चुकली हे कळण्यासाठी यंत्रांचे राबणे म्हणजे काय हे पाहणे अवश्य आहे. २००८ च्या ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा जो नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यातली मूळ अडचण अशी की, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, मध्ये पेढी किंवा मुनीम न ठेवता, एकच कीर्द खरी कशी मानावी. त्यावर काढलेली तोड अशी की, ज्याला कीर्दीला नवे पान जोडायचे असेल त्याने आधी श्रम केल्याचा पुरावा द्यावा. म्हणजे पानातील मजकुराशी एक संख्या जोडून त्या सर्वांचे गणिती रूप, म्हणजे हॅश, एका ठरावीक मर्यादेखाली येईतो अगणित वेळा प्रयत्न करावा; यालाच मायनिंग म्हणतात. संख्या सापडल्यावर ती बरोबर आहे की नाही हे कोणालाही क्षणात तपासता येते. ती शोधून काढणे मात्र वीज जाळल्याखेरीज होत नाही, आणि त्यात बुद्धीची, कुळाची किंवा वशिल्याची कोणतीही आडवाट नाही. सुमारे दर दहा मिनिटांनी एक पान जोडले जाते. त्याचे पारितोषिक २००९ साली ५० बिटकॉइन होते, ते निम्म्यानिम्म्याने घटत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आले आहे. दर २,०१६ पानांनी कोड्याची काठिण्यपातळी अशी बदलली जाते की, जगभरचे श्रम कितीही वाढले तरी एकूण फळ वाढू नये, वाटेकरी मात्र वाढावेत.

अशा व्यवस्थेमागचा सरकारी नाण्याविषयीचा अविश्वास आपल्याकडे अगदी नवा नव्हे. विनोबांनी १९५० साली पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला तेव्हा त्यांनीही पैशाच्या जागी श्रमच बसवला होता. फरक इतकाच की, तेथल्या श्रमांतून भाजी पिकत होती आणि येथल्या श्रमांतून, कीर्द कोणाला खोडता येऊ नये यापलीकडे, काहीच पिकत नाही. हे थोडे आहे असे मी म्हणत नाही. सोंग आणता न येणारे श्रम ही नीतिशास्त्राच्या दृष्टीने विरळा वस्तू आहे, आणि ज्या व्यवस्थेचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे तिचेच फळ श्रमावाचून देण्याची जाहिरात व्हावी, यातला विरोध सहज नजरेतून सुटतो.

आता मीमांसकांकडे वळू. जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात असा वाद आहे की, फळ जर यज्ञ करणाऱ्याला मिळते तर यज्ञातील प्रत्येक कृती यजमानाने स्वहस्ते केली पाहिजे काय. निर्णय असा की, तशी जरूर नाही. इतरांकडून करवून घेणाराही कर्ताच होय, परंतु त्यासाठी त्याने दक्षिणा देऊन ऋत्विजांचे श्रम विकत घेतले पाहिजेत. मीमांसकांच्या लेखी ही दक्षिणा दान नव्हे. ती परिक्रयाची, म्हणजे श्रम खरीदण्याची किंमत आहे, आणि ती चुकती झाली म्हणूनच फळाचा हक्क यजमानाकडे राहतो. या नियमाला एक सुंदर अपवाद आहे तो सत्र नावाच्या यज्ञाचा. सत्रात दक्षिणा नसते, कारण तेथे ऋत्विज हेच यजमान असतात. सगळे राबतात आणि फळही सगळ्यांचे. २०१० पासून बिटकॉइनच्या जगात जे मायनिंग पूल निघाले, ज्यांत अनेक लोक आपापली यंत्रे जोडून मिळालेले पारितोषिक श्रमांच्या प्रमाणात वाटून घेतात, ते या अर्थाने सत्रच आहेत. आणि रीतसर पैसे मोजून दुसऱ्याचे यंत्र भाड्याने घेणारा, यंत्र खरोखरच चालत असेल तर, साधा यजमान आहे. दोन्हींत मला अधर्म दिसत नाही.

फुकटच्या मायनिंगमध्ये मात्र दक्षिणाही नाही आणि आपले श्रमही नाहीत, तरी फळ आपले, असा दावा आहे; आणि शास्त्राप्रमाणे असा यज्ञ संभवतच नाही. म्हणून प्रश्न उलटा करून पाहावा: येथे दक्षिणा कोण कोणाला देतो? दर चार-सहा तासांनी बटण कोण दाबतो, जाहिराती कोण पाहतो, मित्रांचे पत्ते कोण पुरवतो, आणि त्याबद्दल चिमूटभर सातोशी (बिटकॉइनचे दशांशचिन्हानंतरच्या आठव्या घरातले अंश) कोणाकडून कोणाकडे जातात? एवढे विचारले की चित्र स्वच्छ होते. यजमान आहे ती कंपनी; फळ, म्हणजे गर्दी, जाहिरातीचे उत्पन्न आणि पुढेमागे पैसे भरणारे गिऱ्हाईक, हे तिचे; आणि स्वतःला यजमान समजून पाटावर बसलेला आपला नवशिका हा अल्प दक्षिणेवर राबणारा ऋत्विज आहे. मनूच्या यादीतले खातेही मग सापडते. ती जमा ‘कष्टाचा उद्योग’ या सदरातली आहे, आणि तो मोबदला घेण्यात कसलेही पाप नाही. आपल्या मजुरीला आपण ईश्वरी कृपेसारखे काही समजतो, एवढाच घोटाळा.

मजुरी किती हेही पाहण्यासारखे आहे, कारण येथे अनुमानप्रमाण फार उपयोगी पडते. २०२४ साली बिटकॉइनचे सारे जाळे सेकंदाला सुमारे ६०० एक्झाहॅश, म्हणजे ६ वर २० शून्ये इतके प्रयत्न करीत होते. भेट म्हणून कोणाला १० गिगाहॅश, म्हणजे सेकंदाला एक हजार कोटी प्रयत्न मिळाले असे धरू. ऐकायला हा आकडा राजेशाही आहे. दिवसाला नवी ४५० बिटकॉइन निघतात, त्यांतला आपला वाटा काढला तर तो एक सातोशीही भरत नाही, आणि एका बिटकॉइनला ८० लाख रुपये धरले तरी एक सातोशी म्हणजे आठ पैसे. विजेचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. तेव्हा एवढ्या हॅशशक्तीवर पडद्यावर रोज रुपया-दोन रुपये साचताना दिसत असतील, तर ते मायनिंगमधून येत नाहीत एवढे निश्चित. ते कोठून येतात हे विचारण्याचा अधिकार मात्र खातेदाराला प्राप्त होतो.

हा अधिकार वापरायचा तर अडचण प्रमाणांची आहे. नाकामोतोच्या कीर्दीत श्रमाचा पुरावा कोणालाही प्रत्यक्ष तपासता येतो. क्लाउड मायनिंगच्या खातेदाराला दिसतो तो फक्त कंपनीने लिहिलेला आकडा, म्हणजे शब्दप्रमाण, आणि बोलणारा आप्त, म्हणजे विश्वसनीय, आहे की नाही हे ठरवायचे साधन नाही. एस्टोनियातल्या हॅशफ्लेअरने २०१५ ते २०१९ या काळात ५७ कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे करार विकले, आणि अमेरिकेच्या न्यायखात्याने दाखवून दिले की, सांगितलेल्या शक्तीच्या एक टक्काही बिटकॉइन मायनिंग तेथे होत नव्हते. दोन्ही संस्थापकांनी २०२५ साली गुन्हा कबूल केला. तेथे दक्षिणा पुरती वसूल झाली होती, अग्नीच पेटवलेला नव्हता.

आपल्या जवळचे उदाहरण गेनबिटकॉइनचे. ती योजना फुकट नव्हती. लोकांनी आपली बिटकॉइन तिच्या स्वाधीन करायची आणि क्लाउड मायनिंगमधून दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा घ्यायचा, असा करार होता. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो वारला, आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे गोळा झालेली रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपयांची होती. (तपासाच्या मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्तीतली बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांना २०२२ साली अटक करावी लागली; अस्तेय हे व्रत किती कठीण आहे याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.) ही योजना साखळीने पसरली: नव्या माणसाला आणणाऱ्याला त्याचा हिस्सा मिळे, आणि आणलेला माणूस ओळखीचाच असे.

म्हणून फुकट मिळण्यात दोष आहे काय, या प्रश्नापेक्षा आमंत्रणाचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. २०१० साली गॅविन अँड्रेसन याने एक ‘नळ’ उघडला होता आणि येईल त्याला तो पाच-पाच बिटकॉइन वाटत असे. हेतू एवढाच की नवे चलन लोकांच्या हाती खेळावे. ते दान होते आणि त्याने त्याला दानच म्हटले. घेणाऱ्याने प्रतिग्रहाचा, म्हणजे दान स्वीकारण्याचा, जो काही भार उचलला तो समजून उचलला. आजच्या सोयीत ही स्पष्टता नाही. स्वतःचे बटण दाबणे हा ज्याच्या त्याच्या वेळेचा व्यवहार आहे. पण आत्याला, मेव्हण्याला किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याला ‘फुकट आहे, घेऊन पाहा’ असा निरोप धाडणारा माणूस परक्याच्या यज्ञाला आपल्या घरचे ऋत्विज पुरवत असतो, त्याबद्दल दलालीसारखा काही हिस्सा स्वतः घेत असतो, आणि निमंत्रितांना मात्र आपण यजमान होणार असेच सांगितलेले असते. मीमांसकांनी कर्माचा अधिकारी ठरवताना तीन लक्षणे पाहिली: त्याला फळाची इच्छा हवी, कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य हवे, आणि त्या कर्माचे ज्ञान हवे. पहिले लक्षण निरोप वाचताक्षणीच उत्पन्न होते; दुसरे कंपनी भेट देते; तिसरे देण्याची जबाबदारी निरोप धाडणाऱ्यावर येते, आणि ती पार पाडायची तर त्या एका ओळीच्या खाली आणखी एक ओळ लिहावी लागेल, की तुम्ही सामील झालात तर मला अमुक इतके मिळणार आहे.