वृत्तविद्या आणि विवेक

पत्रकाराचा धंदा विद्यापीठांत शिकवितां येतो काय, हा प्रश्न वरवर पाहणारास अभ्यासक्रमाचा वाटेल. परंतु थोडें खोल जाऊन पाहिलें म्हणजे तो मुळांत नीतीचा प्रश्न आहे असें आढळून येतें. रंधा कसा धरावा हें सुतारास दाखवितां येतें. नाडी कशी पाहावी हें वैद्यास सांगतां येतें. पण दुसऱ्याच्या अब्रूसंबंधानें चार ओळी लिहिण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां व कोणत्या अटींवर प्राप्त होतो, हें तासाच्या घंटेबरोबर शिकवितां येईल काय ? आणि येत नसेल, तर दररोज सकाळीं चहाच्या पेल्याबरोबर ज्यांस आपण तो अधिकार बिनतक्रार देऊन टाकतों, त्यांनीं तो मिळविला कोठून ?

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक लहानसें निमित्त घडलें. वेल्हें तालुक्यांतील एक तरुण आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला होता. (या तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला, आमच्या जिभेवर मात्र अद्याप जुनेंच नांव आहे.) मुलानें भोरास राहून पदवी घेतलेली, दोन वर्षें तो एका साप्ताहिकास आपल्या खोऱ्यांतील बातम्या पाठवीत असे. आतां पुण्यास जाऊन पत्रकारितेचा रीतसर अभ्यास करावा असें त्याच्या मनांत होतें. वडील भाताचीं खाचरें राखून असलेले, बोलण्यांत सरळ. ते म्हणाले, "खोटं लिहूं नये, एवढंच शिकायचं ना ? ते तर मी याला लहानपणापासून सांगत आलोय. त्याला दोन वर्षं आणि पुण्याचा खर्च कशाला ?"

मुलगा यावर कांहींच बोलला नाहीं. वडील बाहेर गेल्यावर मात्र त्यानें खरी गोष्ट सांगितली. आदल्या वर्षीं गांवच्या रेशन दुकानदारानें धान्य परस्पर विकलें अशी बातमी त्यानें पाठविली होती. दोघां ओळखीच्या माणसांनीं ती सांगितली होती, आणि त्या महिन्यांत दुकान रिकामें असल्याचें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें चौकशींत निघालें तें असें, कीं धान्याची गाडीच त्या महिन्यांत उशिरां आली होती; दुकानदाराच्या वह्या चोख होत्या. साप्ताहिकानें आंतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा छापला. परंतु त्या वर्षींच्या हरिनाम सप्ताहांत तो दुकानदार पंगतीस आला नाहीं. आणि बातमी वाचणारांपैकीं खुलासा कितीकांनीं वाचला हें देवासच ठाऊक. "मी खोटं लिहिलं नव्हतं हो. मला ते खरंच वाटलं होतं," असें तो तरुण पुन्हापुन्हां म्हणत होता.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर मुलाच्या या एका वाक्यांत आहे. खोटें न बोलणें हा एक गुण आहे. खरें काय तें शोधून काढणें हा दुसरा. पहिल्यास शुद्ध अंतःकरण पुरतें. दुसऱ्यास पद्धति लागते. या दोहोंत भेद न केल्यामुळें सज्जनांच्या हातून जे अन्याय होतात ते दुर्जनांच्या अन्यायाहून अधिक टिकतात, कारण ते करणारास त्यांची लाज वाटत नाहीं.

याचें आपल्याकडील ठळक उदाहरण सर्वांस परिचित आहे. 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें १८८१ च्या जानेवारींत निघालीं. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तेनें त्या वेळीं पुण्यांतील लोकमत प्रक्षुब्ध झालें होतें. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांस गोंवणारे कांहीं कागद पुढें आले व त्यांच्या आधारें या दोन्ही पत्रांनीं टीका केली. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कागद बनावट ठरले. संपादकांनीं क्षमा मागितली. तरीहि १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांस शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तकहि लिहिलें. आपण ही कथा त्यागाची म्हणून सांगतों, आणि ती तशी आहेहि. पण क्षणभर ती बर्व्यांच्या ओसरीवर बसून ऐकावी. इतके विद्वान, इतके निःस्वार्थी पुरुष. महाराजांविषयींचा त्यांचा कळवळा खरा होता, आणि कागद खोटे होते. कळवळा खरा असला म्हणजे कागद तपासण्याची निकड वाटेनाशी होते, हा या प्रकरणाचा धडा आहे. वेल्ह्याच्या तरुणाचेंहि नेमकें हेंच झालें. गरिबांचें धान्य कोणी खाल्लें या कल्पनेनेंच तो इतका संतापला, कीं दुकानाच्या उंबऱ्याशीं जाऊन "तुमचें म्हणणें काय ?" हा एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

आतां दुसरा एक कागद पाहूं. भोर संस्थानांतील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. हिच्यांत अलंकार नाहींत, स्तुति नाहीं. कोणत्या शकांत, कोणत्या तिथीस काय घडलें एवढ्याच नोंदी. टिळकांनीं ती १९१६ सालीं प्रसिद्ध केली. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ मधील, म्हणजे १६२७ सालचा, ही बखरींवरून रूढ झालेली समजूत. शकावलीनें मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि दिली. एवढ्यानें कोणी ती एकदम मान्य केली नाहीं. तिथि, वार व नक्षत्र यांचा मेळ गणितानें घालून पाहतां येत होता. पुढें कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ची व जोधपूरकडे सांपडलेल्या जन्मकुंडलीची साक्ष तिला जुळली. हीं तीन साधनें एकमेकांपासून दूर, परस्परांवर अवलंबून नसलेलीं. अनेक वर्षांच्या वादानंतर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनानें स्वीकारली. कारीच्या त्या अनाम नोंद करणारानें वृत्तविद्येचा कोणता वर्ग केला होता ? कोणताच नाहीं. परंतु जें वृत्तविद्येनें शिकवावयाचें तें सर्व या एका शोधांत आहे : नोंद नेमकी असावी, ती तपासतां येण्याजोगी असावी, आणि एका साक्षीवर निकाल देऊं नये.

येथें आक्षेपक म्हणेल, "मग विद्यापीठ हवें कशाला ? ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर, ३१ जानेवारी १९२० रोजीं 'मूकनायक' सुरू करणारे डॉ. आंबेडकर, यांपैकीं कोणी पत्रकारितेची पदवी घेतली होती ?" आक्षेप वजनदार आहे. पण जांभेकर जुने ताम्रपट व लेख वाचणारे पंडित होते. टिळक गणिती व कायद्याचे पदवीधर. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचें अध्ययन करून आलेले. पुराव्याची शिस्त त्यांनीं अन्य विद्यांतून मिळविली होती. आणि ती असूनहि कोल्हापूरचें प्रकरण घडलें. ज्या तरुणापाशीं ती शिस्त दुसऱ्या वाटेनें आलेली नाहीं, त्यानें ती कोठें मिळवावी ? अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं व कोलंबियानें पुलित्झर यांच्या देणगीवर १९१२ सालीं वृत्तविद्येची शाळा काढली. आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठानें १९४१ सालीं हा विषय हातीं घेतला, व पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें १९६४ पासून तो शिकविला जात आहे. या सर्व शाळांच्या मुळाशीं हीच गरज आहे.

वर्तमानपत्राच्या कचेरींत उमेदवारी करून हें शिकतां येतें, असें पुष्कळांचें मत आहे. आम्ही तें सर्वस्वीं चूक मानीत नाहीं. परंतु वैद्यकाचा विद्यार्थी जिवंत मनुष्यावर शस्त्र चालविण्यापूर्वीं प्रेतावर हात बसवितो, हें आपण योग्य मानतों. कचेरींत शिकणारा उमेदवार चुकला म्हणजे त्याच्या चुकीची किंमत तिसराच कोणी देतो. वर्गांत चुकला तर त्याचे स्वतःचे गुण जातात. विद्यापीठाचा सर्वांत मोठा उपयोग आमच्या मतें हाच, कीं तेथें कोणाच्या अब्रूस धक्का न लावतां चुकतां येतें. शिवाय आज ज्याच्या हातीं मोबाईल आहे तो प्रत्येकजण वार्ताहर झाला आहे, आणि त्याच्या मागें मजकूर परत करणारा खडूस संपादक उभा नाहीं. तेव्हां ही शिस्त थोडीशी तरी सर्वांसच हवी.

तथापि विद्यापीठाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. पद्धति खरें-खोटें निवडून देईल; काय शोधावयास निघावें हें ती सांगणार नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचेंहि गेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. त्या दिवसाची आठवण पुण्याच्या जुन्या घरांतून अजून निघते. पण त्याच धरणासाठीं खोऱ्यांतील ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची आठवण कितीकांस आहे? भाटघरच्या जलाशयांत बुडालेलें कांबरेश्वराचें देऊळ उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे वर येतें व त्याचें छायाचित्र छापून येतें; देवळाभोवतीं नांदणारीं माणसें कोठें गेलीं हें क्वचितच छापून येतें. यांत खोटें कांहीं नाहीं. फक्त विचारावयास कोणी गेलें नाहीं. तेथें जाण्याची ओढ ही पदवीबरोबर मिळत नाहीं. ती ज्याच्या त्यानें घरून आणावयाची असते. आणि भीति अशी, कीं शिकलेला मुलगा पुण्यांतच राहील व खोऱ्याकडे पाहणारा एक डोळा कमी होईल.

आम्हीं त्या तरुणास सांगितलें कीं, पुण्यास अवश्य जा. पण त्यापूर्वीं एकदां त्या दुकानदाराच्या घरीं जा, आणि जातांना वही नेऊं नकोस. तो गेला. तेथें काय बोलणें झालें तें त्यानें सांगितलें नाहीं, व आम्हींहि विचारलें नाहीं. त्याच्या वडिलांस मात्र आम्हीं एवढें कळविलें, कीं आपण मुलास शिकविलें तें खरेंच आहे, आणि तें अर्धें आहे. उरलेलें अर्धें शिकून तो परत खोऱ्यांत आला, तर आपले दोन वर्षांचे पैसे वायां गेले असें समजूं नये.