सोबतीचा धर्म

सुट्टीच्या दिवशी मुलगा सकाळी घराबाहेर पडतो आणि उन्हं कलल्यावर पायाला चिखल, कपड्यांना कुसळं लावून परत येतो, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न ठरलेला असतो. "कुठी गेल्ता रे?" उत्तरही ठरलेले. "असाच, फिराले." या उत्तराने कोणत्याही आईबापाचे समाधान झाल्याचे ऐकिवात नाही. आपल्या दुभाषी मुलखात तर या फिरण्याला बोल लावायला दोन भाषा हाताशी आहेत. मराठीत ते उंडारणे ठरते, हिंदीत आवारागर्दी. जामसावळीच्या मारुतीला पायी जाणे समजते, बागेत ओलिताला जाणे समजते. पण काही कामधंदा नसताना दोन-चार मित्रांनी रानात पाय तुडवीत हिंडावे, यात काय साधते?

तब्येत सुधारते, भूक लागते, झोप चांगली येते, हे सारे खरेच. पण तेवढ्यासाठी घरामागच्या मैदानाला दहा फेऱ्या मारल्या तरी चालेल. मित्रांबरोबर रानात जाण्यात याहून वेगळे काही शिकायला मिळते असे मला वाटते, आणि ते नीतीच्या प्रांतातले आहे.

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. कागद बदलले, नदीकाठ मात्र होता तिथेच आहे. दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो, कपाशी फुटू लागते, संत्र्याच्या बागांत आंबिया बहराची फळे रंगावर येतात. अशा वेळी पोरे निघतात. कुणाच्या पिशवीत चिवडा, कुणाच्या खिशात मीठ-मिरचीची पुडी. नाल्यावरून उडी मारायची, बोरीबाभळीतून वाट काढायची, समोर दिसेल त्या टेकडीवर चढायचे, एवढाच बेत. आणि या टोळीमागे गल्लीतले एक कुत्रे हमखास असते. त्याला कुणी बोलावलेले नसते. पहिल्या वळणावर त्याला हाकलतात, दुसऱ्या वळणावर ते पुन्हा हजर होते, आणि तिसऱ्या वळणानंतर सगळे धरूनच चालतात की हा आपल्यातलाच.

येथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. एक जण दमतो, एकाची चप्पल तुटते, कुत्र्याच्या पंजात काटा मोडतो. टेकडीचा माथा समोर दिसत असतो. थांबायचे की पुढे जायचे?

याच नदीत वर्षातून एक दिवस निराळे धाडस चालते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भातली लेकरे लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा साजरा करतात त्याच दिवशी, जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी सावरगाव व पांढुर्णा एकमेकांवर गोटे फेकतात. गोटमारीत दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कुणी मनावर घेतले नाही. जिवावर उदार होऊन पात्रात उतरणाऱ्या तरुणाची हिंमत खोटी आहे असे कोण म्हणेल? पण त्या हिंमतीला समोर कुणीतरी लागतो. पलीकडचा काठ नसेल तर ती उभीच राहत नाही. काठावरून हिंडणाऱ्या पोरांना हरवायला कुणी नसते. त्यांच्या धाडसाची परीक्षा समोरच्यावरून होत नाही, मागे राहिलेल्यावरून होते.

महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वातली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पांडव हिमालय चढू लागतात आणि एक कुत्रा हस्तिनापुरापासून त्यांच्यामागे येतो. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. तेव्हा मात्र हा राजा अडून बसतो. कुत्रा नाही तर स्वर्ग नाही! ही गोष्ट ऐकताना मनाला खटकते. सख्ख्या भावांसाठी जो थांबला नाही, तो कुत्र्यासाठी कसा थांबतो? इंद्रही नेमके हेच विचारतो. त्यावर युधिष्ठिराचे म्हणणे असे, की मेलेल्यांना मी परत आणू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आला आहे. अशाला टाकणे त्याला मित्रद्रोहाइतके मोठे पाप वाटते.

या उत्तराने सगळ्यांचेच समाधान होणार नाही. माझेही पुरते होत नाही. पण त्यात व्यवहाराला पुरेल असा एक नियम आहे. आपल्या भरवशावर चालणारा जोवर चालतो आहे, श्वास घेतो आहे, तोवर शिखर दुय्यम.

हा नियम पुराणापुरता नाही. २००६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर डेव्हिड शार्प हा इंग्रज गिर्यारोहक माथ्याखालच्या एका कपारीत मरणाच्या दारी बसला होता. चाळीसेक जण त्या वाटेने गेले असे सांगतात. तो वाचला असता की नाही यावर वाद आहे. पण एडमंड हिलरीने या प्रकारावर कडक शब्दांत नापसंती दाखवली. त्याच महिन्यात, त्याच पर्वतावर, मेला म्हणून सोडून दिलेला ऑस्ट्रेलियाचा लिंकन हॉल दुसऱ्या दिवशी सकाळी डॅन मेझरच्या तुकडीला जिवंत दिसला. शिखर काही तासांवर होते. ती तुकडी थांबली, शिखर सोडले, हॉल वाचला. जगातल्या सर्वांत उंच टेकडीवरही प्रश्न तोच होता.

कोणी म्हणेल, सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने जायचे तर धाडस कसले? शंका रास्त आहे. पण दमलेल्याला घेऊन नाला ओलांडणे हे एकट्याने उडी मारण्यापेक्षा सोपे असते का? ज्याने करून पाहिले त्याला विचारावे.

कुत्र्याच्या बाबतीत जबाबदारी अधिकच, कारण मित्र "आता पुरे" म्हणू शकतो, कुत्रा म्हणत नाही. जीभ बाहेर काढून तो मागोमाग येतच राहतो. माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. वैशाखात तापलेल्या दगडांवरून त्याला नेणे ही हौस नव्हे, छळ आहे. म्हणून किती दूर जायचे, हे निघण्याआधी आपणच त्याच्या वतीने ठरवायचे. घरच्या-गल्लीच्या कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी, हेही सोबतीतच येते. आणि कुठलेही कुत्रे चावलेच तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन सरळ दवाखाना गाठावा.

ही सोबत जुनी आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. दोन माणसे आणि त्यांच्याशेजारी एक पिल्लू. त्याच्या दातांवरून अभ्यासकांचा अंदाज असा, की ते पिल्लू बरेच दिवस गंभीर आजारी होते आणि माणसांनी काळजी घेतल्याशिवाय ते तितके जगले नसते. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचे, ना राखणीच्या. तरी कुणी त्याला पाणी पाजले, ऊब दिली. शेती नव्हती, गाव नव्हते, तेव्हाही माणसाला मागे थांबणे ठाऊक होते.

तेव्हा पोरांना हिंडू द्यावे. कुठे गेले, काय मिळवले, हे फार खोदून विचारू नये. सांगण्यासारखे त्यांच्याजवळ बहुधा काही नसते. विचारायचेच असेल तर एवढेच विचारावे, "सारे आले का रे?" आणि त्या साऱ्यांत कुत्रेही धरावे.