कोन्याच्या मुदपाकखान्यात

सूफी कवी मौलाना रूमींच्या दर्ग्यात शिरताना बुटांवर प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या चढवाव्या लागतात. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात रोज हजारो पायांचा हा सरसर आवाज चालू असतो. कायद्याच्या भाषेत ही जागा संग्रहालय आहे. आत काचेच्या पेट्या आहेत, जुनी हस्तलिखितं आहेत, गालिचे आहेत. पण एका पेटीत पैगंबरांच्या दाढीचे केस ठेवले आहेत, आणि माणसं त्या काचेच्या फटीला नाक लावून सुगंध घेतात. कबरीपुढे आलेली म्हातारी माणसं तळहात उघडून उभी राहतात, ओठ हलत असतात. त्यांच्या मागून कुणीतरी मोबाइल उंचावून घुमटाच्या आतली नक्षी टिपत असतं. एकाच ठिकाणी, एकाच क्षणी यात्रा आणि सहल दोन्ही चालू असतात.

मग ही जागा नक्की कुणाची?

रूमींचा जन्म १२०७ सालचा, बल्खच्या बाजूचा. वडील बहाउद्दीन वलद कुटुंबकबिला घेऊन पश्चिमेकडे निघाले आणि बऱ्याच भटकंतीनंतर सेल्जुकांच्या राजधानीत, म्हणजे कोन्यात, स्थिरावले. १२३१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना सुलतानाच्या गुलाबबागेत पुरलं. १७ डिसेंबर १२७३ रोजी रूमी गेले, तेही तिथंच. पुढे त्या कबरीवर फिरोजी टाइलांचा घुमट उभा राहिला आणि भोवती रूमींच्या पंथाच्या, म्हणजे मेवलेवी, दर्वेशांचा मठ वाढला. वडिलांच्या कबरीवरची लाकडी पेटी उंचच्या उंच आहे. मुलाला आणलं तेव्हा आदरानं बाप उठून उभा राहिला, अशी कथा भाविक सांगतात. इतिहासकारांचं म्हणणं साधं आहे: ती पेटी मुळात रूमींच्याच कबरीवरची, तिथं संगमरवर आला तेव्हा ती बाजूच्या कबरीवर हलवली. पेटीसमोर उभं राहिलं की दोन्ही गोष्टी पटतात, ही त्या जागेची करामत.

१९२५ च्या नोव्हेंबरात नव्या तुर्की प्रजासत्ताकाने ६७७ क्रमांकाचा कायदा केला. सगळे सूफी मठ बंद, दर्गे बंद, शेख आणि दर्वेश या पदव्याही बंद. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल यांना देश आधुनिक करायचा होता आणि तंत्रमंत्र, नवससायास यांचे अड्डे त्यांना मोडायचे होते. कोन्याच्या मठाला मात्र १९२७ मध्ये संग्रहालय म्हणून दार उघडून मिळालं. दर्वेशांचं गिरक्या घेणं, म्हणजे समा, थांबलं ते पाव शतकाहून अधिक काळ. १९५० च्या दशकात कोन्यातच त्याला पुन्हा परवानगी मिळाली, पण अट अशी की हा धार्मिक विधी नाही, सांस्कृतिक कार्यक्रम आहे. सुरुवातीचा एक समा चक्क चित्रपटगृहात झाला. पुढे बरीच वर्षं रूमींच्या पुण्यतिथीचा डिसेंबरचा सोहळा खेळांच्या बंदिस्त मैदानात व्हायचा. आता त्यासाठी भव्य सांस्कृतिक केंद्र आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही समाचं नाव आहे.

तेव्हा प्रश्न असा पडतो: तिकीट काढून पाहिलेली प्रार्थना प्रार्थना राहते का?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे प्रेक्षक आले की भक्ती गेली. ते टिकत नाही. इस्तंबूलमधला गलाताचा मेवलेवी मठ १४९१ मध्ये स्थापन झाला, आणि तिथला समा पाहायला युरोपीय प्रवासी शतकानुशतकं येत होते. त्यांनी काढलेली चित्रं आणि लिहिलेली वर्णनं आजही मिळतात. मठांच्या समागृहात पाहणाऱ्यांसाठी वेगळी जागा बांधलेलीच असे. सुलतान सलीम तिसरा स्वतः या पंथाचा अनुयायी होता आणि त्याने समासाठी संगीतरचना केली. म्हणजे दरबार होता, पाहुणे होते, रसिक होते. बघे ही काही पर्यटन खात्याची देणगी नव्हे.

विधीतही फार बदल दिसत नाही. दर्वेश काळा झगा घालून येतात, तो कबरीचं प्रतीक. डोक्यावरची उंच नमद्याची टोपी म्हणजे थडग्याचा दगड, पांढरा घेरदार अंगरखा म्हणजे कफन. नेय ही बोरूची बासरी एकटीच वाजते, मग तीन संथ फेऱ्या होतात, झगे उतरतात. डावा पाय जमिनीला खिळलेला, उजव्याने ढकलत घुमायचं. उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. चार भाग होतात, शेवटच्या भागात गुरूही मध्यभागी येऊन हळुवार फिरतात. अखेरीस कुराणपठण. हे सगळं सांस्कृतिक केंद्रातल्या शनिवारच्या कार्यक्रमातही जसंच्या तसं होतं. मग हरवलं काय?

उत्तर दर्ग्याच्या आवारातच आहे, पण पर्यटकांचे घोळके तिथं दोन मिनिटांवर थांबत नाहीत. ते म्हणजे मठाचं स्वयंपाकघर. मेवलेवी परंपरेत दर्वेश घडायचा तो या मुदपाकखान्यात, समागृहात नव्हे. नवा उमेदवार दाराजवळच्या मेंढीच्या कातड्यावर तीन दिवस बसून राही आणि नुसतं बघे. मन बदललं तर उठून घरी जायची मुभा. राहिलाच तर १००१ दिवसांची सेवा: पाणी भरणं, बाजार करणं, भांडी घासणं, झाडलोट, शौचकूप धुणं. गिरकी शिकायची तीही इथंच, खिळा ठोकलेल्या लाकडी फळीवर. खिळा डाव्या पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरायचा, फळीवर मीठ पसरायचं आणि त्या खिळ्याभोवती फिरायचं. उमेदवार नापास झाला तर कुणी बोलत नसे. त्याचे जोडे उलटे, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेले दिसत. त्याने समजून घ्यायचं.

आज त्या स्वयंपाकघरात पुतळे बसवले आहेत. पुतळ्यांचा आचारी, पुतळ्यांचे शिकाऊ. कायद्याने खरा घाव इथं घातला. समा परत आणता आला, कारण तो तासाभराचा आहे आणि रंगमंचावर मावतो. हजार दिवसांची भांडी कुठल्याच रंगमंचावर मावत नाहीत. आजचे अनेक समाकार मनापासून श्रद्धाळू असतील, त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण त्यांच्यापैकी बरेच जण पगारी कलाकार आहेत, आणि त्या फळीवरच्या मिठापर्यंत त्यांना नेणारी संस्था आता उरलेली नाही.

लोकांच्या मनातून स्वयंपाकघर पुरतं गेलेलं नाही, हेही खरं. मेरम भागात रूमींच्या आचाऱ्याची, आतेशबाज वलींची, कबर आहे. आचाऱ्याला स्वतंत्र दर्गा मिळणं ही जगात दुर्मीळच गोष्ट. तिथून चिमूटभर मीठ घरी न्यायचं आणि डब्यात मिसळायचं, म्हणजे घरात बरकत राहते, अशी कोन्यातल्या बायकांची श्रद्धा आहे. ६७७ क्रमांकाच्या कायद्याला हे मीठ कधी दिसलंच नाही.

हा वाद तुर्कांपुरता नाही. महाराष्ट्रात खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे ते बुरहानुद्दीन गरीब चौदाव्या शतकातले चिश्ती सूफी. समाचे इतके वेडे, की त्यांच्या अनुयायांच्या नाचण्याच्या ढंगाला ‘बुरहानी’ असं नावच पडलं होतं. दिल्लीत उलेमांनी याच समावरून त्यांच्या गुरूंना, निजामुद्दीन औलियांना, सुलतानापुढे जाब द्यायला लावला होता. तेव्हा आक्षेप होता धर्मशास्त्राचा, १९२५ मध्ये आधुनिकतेचा, आज बाजाराचा. आक्षेप घेणारे बदलले, समा टिकून राहिला.

आणि गंमत अशी, की इस्तंबूलच्या अयासोफियाचं नेमकं उलटं झालं आहे. ती इमारत १९३५ पासून संग्रहालय होती, २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली, आणि २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना वरचा सज्जा बघायला २५ युरो मोजावे लागतात. कोन्यात संग्रहालयात माणसं दुआ मागतात, इस्तंबूलमध्ये मशिदीसाठी तिकिटाची रांग लागते. सरकारने लावलेल्या पाटीवरून जागेचं पावित्र्य ठरवायला जाणाऱ्याने या दोन शहरांत एकेक दिवस काढावा.

अंकाराहून वेगवान गाडीने कोन्या पावणेदोन तासांच्या आसपास येतं, म्हणून बहुतेक जण एका दिवसात दर्गा, करातय मदरशातल्या टाइला आणि हातभर लांब एतलीएक्मेक ही खिम्याची रोटी उरकून परततात. तसं करू नका. शनिवार गाठा, पण संध्याकाळच्या समाआधी मुदपाकखान्यात निदान अर्धा तास थांबा आणि कुणी दाखवली तर ती खिळ्याची फळी नीट बघा. रूमींच्या पुण्यतिथीला तिथं लग्नाची रात्र म्हणतात. त्या सोहळ्यासाठी ७ ते १७ डिसेंबरच्या दिवसांत जाणार असाल, तर हॉटेलची खोली बरीच आधी ठरवून ठेवा.