सक्तीची काटकसर हे शील होय काय?



एक प्रश्न आपणांपुढे ठेवावयाचा आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. कामे थांबली, मजुरी थांबली, शाळांना तर त्याआधीच कुलुपे लागली होती. घराघरांतला खर्च आटला. मटण-मासळी बंद, नवे कपडे बंद, पाहुणचार बंद, पुढे लग्ने झाली तीही पन्नास माणसांत. त्या दिवसांची आठवण निघाली की अनेक जण आजही अभिमानाने सांगतात, "टाळेबंदीने आम्हांला साधेपणा शिकविला." हे खरे आहे काय? जे करता येत नव्हते म्हणून आपण केले नाही, ते आपले शील झाले काय?

माझे उत्तर नाही असे आहे. पाचवे शीलच घ्या. ते आपण विहारात पंचशील ग्रहण करताना म्हणतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. टाळेबंदीत दारूची दुकाने बंद झाली. ज्याला परवडे तो चोरून मिळवी, पण रोजंदारीवाल्याच्या घरात चाळीस दिवस बाटली आली नाही. आमच्या वस्तीतल्या आयाबाया म्हणत, "रोग वाईट खरा, पण रात्रीची झोप तरी लागते." आणि ४ मे २०२० रोजी दुकाने उघडण्यास परवानगी मिळताच काय झाले? मुंबई-पुण्यात सकाळपासून रांगा लागल्या. मुंबईत तर गर्दी पाहून ती दुकाने लगेच पुन्हा बंद करावी लागली. त्या रांगांत सर्व जातिधर्मांचे लोक होते, हे कबूल. पण आपला कोणीच नव्हता असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? चाळीस दिवस शील दुकानाच्या कुलपाने पाळले, माणसाने नव्हे. तथागतांनी कर्म म्हणजे चेतना असे सांगितले आहे. चेतनाच जिथे नाही तिथे शील कुठून येणार?

उलट बाजूनेही चूक होते, आणि ती मला अधिक घातक वाटते. थोडक्यात भागविण्याचे गोडवे गाणारे बहुधा पगार चालू असलेले लोक असतात. ज्याची चूलच पेटत नव्हती त्याला साधेपणाचा धडा कोणी शिकवावा? धम्माने दारिद्र्याला कधी पवित्र मानलेले नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला पुन्हापुन्हा बजावले. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत न्यायाने मिळविलेली संपत्ती असण्याचे सुख पहिले आहे आणि अनणसुख, म्हणजे ऋण नसण्याचे सुख, हेही त्यांत आहे. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने कर्जाचे हप्ते ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत पुढे ढकलता आले, पण त्या काळाचे व्याज चढतच राहिले. ज्यांनी सवलत घेतली त्यांतल्या कित्येकांना हे नंतर कळले.

कोलिय कुळातल्या दीघजाणूला केलेल्या उपदेशात समजीविता सांगितली आहे. तराजू धरणारा जसा पारडे किती झुकले ते पाहतो, तसे गृहस्थाने आय आणि व्यय पाहावा. फार उधळू नये, फार चिक्कूही होऊ नये. पण तराजू हातात असायला पारड्यात काही असावे लागते. आमच्या शेजारची बाई चार घरी धुणीभांडी करते. टाळेबंदीत दोन घरांनी पगार दिला, दोघांनी "कामाला येत नाहीस तर पगार कसला?" म्हटले. नवरा रंगकाम करणारा, त्याचे काम पूर्ण बंद. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले म्हणून चार पोटे भरली. त्या घरात समजीविता नव्हती. ती केवळ तगून राहण्याची धडपड होती.

पण ह्याच घरात पुढे जे घडले त्यातून मला माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले. जून २०२० मध्ये शाळेचे धडे फोनवर येऊ लागले. मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. घरात बटणांचा एकच फोन. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' लागत असे, पण ह्यांचा टी.व्ही. बिघडलेला. बाईने भिशीचे पैसे उचलून ४,५०० रुपयांचा जुना फोन घेतला. तो मुलाच्या हाती गेला. मुलीला रात्री दहानंतर, त्याला झोप आली म्हणजे. तोवर डाटा संपलेला असे.

मी विचारले तेव्हा ती बाई म्हणाली, "भाऊ, पोरगं दहावीला आहे. ह्यात अन्याय तो काय?" तिचे म्हणणे टाकाऊ नव्हते. गरज जास्त त्याला आधी, हा न्यायच आहे. मी तिला एवढेच विचारले की, "ताई, मुलगी दहावीला असती आणि मुलगा आठवीला, तर फोन कोणाला दिला असता?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? पोरालाच दिला असता."

बंधू-भगिनींनो, ह्या ठिकाणी कोणतीही सक्ती नव्हती. पैसा नसणे ही सक्ती होती, शाळा बंद असणे ही सक्ती होती. पण एका फोनचे तास कसे वाटावयाचे हे सर्वस्वी त्या घराच्या हाती होते. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली ती भाषणात सांगण्यासाठी नाही. तिची परीक्षा अशा चार हजारांच्या फोनवर होते. आणि मला वाटते, त्या दिवसांत आपल्यापैकी बहुतेक घरे ह्या परीक्षेला बसली. किती उत्तीर्ण झाली ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात सकाळचे दोन तास मुलीचे ठरले. मुलगा चिडला. बापही कुरकुरला. (पुढे २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे गुणही धरून निकाल लागला, हा भाग वेगळा.) मुलीसोबत शेजारच्या दोन पोरी ओट्यावर येऊन बसू लागल्या. बाईने त्यांना कधी उठविले नाही.

बंधने उठल्यावर वस्तीत पुन्हा मांडव पडले, डीजे वाजू लागले, लग्नासाठी व्याजाने पैसे काढणे सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी त्या बाईच्या दिराच्या मुलाचे लग्न ठरले. कर्जाला जामीन राहण्यास तिने नकार दिला आणि विहारात, मोजक्या माणसांत मंगलपरिणय करा, जेवणाचा खर्च मी देते, असे सांगितले. तेव्हा पन्नास माणसांची अट कोणी घातलेली नव्हती. लग्न तसेच झाले. दीर अजून तिच्याशी नीट बोलत नाही.