कचेरी ओळखणाऱ्या देवा

पांडुरंगा, सरकारी कचेरी तुला नवी नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, त्याचा जाब त्यांच्याकडे मागितला गेला, तेव्हा विठू महाराच्या रूपात तू बीदरच्या दरबारात गेलास. धान्याची रक्कम चुकती केलीस आणि रीतसर पावती घेतलीस. आमच्या मंगळवेढ्यात ही गोष्ट लहान पोरांनाही ठाऊक असते. म्हणून तुझ्यापाशी नोकरी मागताना मला संकोच वाटत नाही. मी आता ओटावात आहे आणि कॅनडाच्या फेडरल सरकारात एखादी जागा मिळावी म्हणून अर्ज भरते आहे. थोडा वेळ माझ्याजवळ बस.

पहिलं मागणं हे, की माझ्या कामाबद्दल मला खरं लिहिता येऊ दे. इथे नुसता बायोडेटा जोडून भागत नाही. जाहिरातीत एकेक आवश्यक पात्रता मांडलेली असते आणि प्रत्येकीपुढे प्रश्न असतो: हे काम कुठे केलंत, कधी, किती काळ, आणि तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत? छाननी करणाऱ्यानं अंदाज बांधायचा नाही, असा दंडक आहे. जे लिहिलं नाही ते त्याच्या लेखी झालंच नाही. आणि आमची वळणं तर तुला माहीत आहेत. पंचायत समितीत मी टंचाईच्या टँकरची बिलं तपासली. खेपा लॉगबुकाशी ताडल्या, न झालेल्या खेपांचे पैसे कापले, आणि त्यासाठी ठेकेदारांचा राग सोसला. पण कुणी विचारलं की तोंडून निघतं, “ऑफिसनं केलं, साहेबांचं मार्गदर्शन होतं.” स्वतःचं नाव पुढे करणं बरं नव्हे, असं आईनं शिकवलं. तुझ्या देवळात यायचं तर मीपणा बाहेरच ठेवावा लागतो. इथे मात्र माझा वाटा मी वेगळा काढून दाखवला नाही, तर तो कुणालाच दिसणार नाही. जनार्दनस्वामींच्या पदरी असताना संत एकनाथांनी रात्रभर जागून हिशेबातली एका पैची चूक शोधली, म्हणतात. तोच काटेकोरपणा मला या लिहिण्यात दे. केलं त्याहून पैभर जास्त नको, आणि लाजेपोटी पैभर कमीही नको.

जे दार उघडलं गेलं, त्याबद्दल तुझे आभार. जून २०२१ पर्यंत बाहेरून होणाऱ्या भरतीत नागरिकांना पसंती असे, आमच्यासारखे कायम रहिवासी, म्हणजे पीआर, मागे राहत. त्या महिन्यात कायदा बदलला आणि आम्हाला नागरिकांच्या बरोबरीनं बसवलं. माजी सैनिकांना आधीचा मान तसाच राहिला, तो राहायलाच हवा. वयाचंही बंधन नाही. महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या गटातून अडतिशीपर्यंतच बसता येतं. माझी अडतिशी केव्हाच मागे पडली. इथे माझी शिवाजी विद्यापीठाची जुनी पदवी समकक्ष ठरवून घेतली की तीसुद्धा कामाला येते.

आणि अर्ज करायला एक पैसा लागत नाही. म्हणून विठ्ठला, तुझ्याकडे कळवळून मागते: पैसे घेऊन सरकारात चिकटवतो म्हणणाऱ्यांपासून नव्यानं आलेल्या लेकरांना वाचव. गावाकडे जमीन गहाण ठेवून आलेली मुलं आहेत ही. तळघरातल्या खोलीचं भाडं भरून हाती उरतं किती, आणि तेही हे लोक काढून घेतात. जीसी जॉब्स या सरकारी भरतीच्या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं, जागा तिथेच जाहीर होतात, एवढं वाक्य कुणीतरी त्यांच्या कानावर वेळेत घालू दे. ते सांगायला मला पाठवायचं असेल, तर मी तयार आहे.

वाट पाहण्याचं बळ दे. इथे पात्र ठरलेल्यांचा ‘पूल’ करतात. आपल्या गुणवत्ता यादीत पहिला, दुसरा, तिसरा असतो, तसं त्यात नसतं. २००३ साली संमत झालेल्या नेमणुकांच्या कायद्यानं क्रमवारीची सक्ती काढली, आणि आता पात्र माणसांतून त्या कामाला जो योग्य वाटेल त्याला बोलावतात. कार्तिकीच्या दर्शनबारीत कितीही तास गेले, तरी पुढचा सरकला की आपण सरकणार याची खात्री असते. पूलमध्ये ती खात्री नाही. नाव असूनही बोलावणं न येता पूलची मुदत संपू शकते. ते मौन माझ्या लायकीवर मारलेला शेरा आहे, असं समजून मी खचू नये. सध्या तर सरकार स्वतःचीच पदं कमी करतं आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तसं जाहीरही केलं. ज्यांची जागा जाते त्यांचा नव्या जागेवर आधी विचार होतो. घराचे हप्ते त्यांनाही आहेत, मुलं त्यांचीही शिकताहेत. त्यांच्यामुळे मी मागे राहिले, तर माझ्या मनात कडवटपणा येऊ देऊ नकोस.

फ्रेंच मला येऊ दे, देवा. वाचन, लेखन, बोलणं, तिन्हींची वेगळी परीक्षा, आणि ए, बी, सी अशा पायऱ्या. इंग्रजीवर भागणाऱ्या जागा आहेत, पण ओटावात लोकांसमोरच्या खिडकीवर बसायचं तर बहुधा दोन्ही भाषा लागतात. या देशानं १९६९ साली तसा कायदाच केला. नदीपलीकडच्या गॅटिनोहून आलेल्या आजोबांना आपल्या पेन्शनबद्दल आपल्या भाषेत विचारता यावं, हा त्यांचा हक्क आहे. मराठीतून कारभार व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्या आम्हा लोकांना तर तो सगळ्यांआधी कळायला हवा. तेव्हा क्रियापदांची रूपं पाठ करताना माझ्या मनात कुरकुर नको.

पोलिसांचे दाखले, मागच्या पाच वर्षांचे पत्ते, विश्वासार्हतेची तपासणी, हे सगळं मी निभावेन. कच्ची नोकरी आली तरी घेईन. कॅज्युअल म्हणून एका खात्यात वर्षाकाठी ९० दिवसांपेक्षा जास्त काम देत नाहीत. तेवढे दिवस दे, उरलेलं मी कष्टानं मिळवीन.

मला खिडकीवरचंच काम का हवं, तेही सांगते. इथे आल्यावर सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर, काढायला गेले तेव्हा त्या नऊ आकड्यांवाचून ना पगार मिळतो ना कर भरता येतो, हे ऐकून मी धास्तावले होते. समोरच्या बाईंनी घाई केली नाही. माझं नाव बरोबर उच्चारेपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं. मग कुठला कागद कुठे जपून ठेवायचा आणि नंबर कुणाला सांगायचा नाही, हे समजावलं. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर मला बसायचं आहे. कागद अपुरे घेऊन आलेला माणूस माझ्याकडून नुसता परत जाऊ नये. कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, हे त्याला समजेल अशा शब्दांत लिहून द्यायचं आहे.

रुजू होताना इथे शपथ असते. नेमून दिलेलं काम निष्ठेनं आणि प्रामाणिकपणे करीन, अधिकार नसताना कामातली माहिती बाहेर जाऊ देणार नाही, अशी. शपथ घ्या किंवा प्रतिज्ञा करा, दोन्हीला मान्यता आहे, पण त्यावाचून नेमणूक लागू होत नाही. मी शपथ घेईन, तुला साक्षी ठेवून. पांडुरंगा, तो दिवस मला दाखव.