विटांची ओळ

धार काय नि देवास काय, गावाबाहेर शेतात घर बांधायची आता रीतच पडली आहे. रस्त्यावरच्या खांबापासून घर तीनशे-चारशे फूट आत. वरून तारा लोंबत नेण्यापेक्षा जमिनीखालून केबल नेऊ, असं ठरतं. वादळात तुटायची भीती नाही, भरल्या ट्रॉलीला तार अडकायची नाही. विचार चांगलाच आहे. पुढे प्रश्न येतो खर्चाचा, आणि त्याच्या पाठोपाठ धर्माचा.

वायर जितकी लांब, तितका वाटेत विजेचा दाब कमी होतो. म्हणून ती जाड घ्यावी लागते. बारीक घेतली तर दिवे मिणमिणतात, पंपाची मोटर तापते. ही काटकसर लगेच आपल्याच अंगावर येते. चरातली काटकसर मात्र कुणाला दिसत नाही. चर साधारण अडीच फूट खोल हवा, केबलच्या खाली-वर वाळू हवी, त्यावर विटांची ओळ, मग माती. "एवढं कशाला? वीतभर पुरे. माती टाकल्यावर कोण बघतंय?" हे वाक्य आपण बायकांनी किती वेळा ऐकलंय!

खरं तर वीज विटांशिवायही येते. विटा असतात त्या दहा-पंधरा वर्षांनी तिथे कुदळ मारणाऱ्या माणसासाठी. वीट लागली की तो थांबतो. तो मजूर कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नाही. पण त्याचा जीव आज आपल्या हातात आहे.

चर खणताना गांडुळं मरतात, किडे मरतात. घरसंसारात होणारी ही आरंभी हिंसा गृहस्थाला पुरती टळत नाही, ती कमीत कमी करावी, असं आपलं शास्त्र सांगतं. पण जाणूनबुजून उथळ पुरलेल्या वायरीला हेच नाव देऊन सुटता येईल का? मारायचा संकल्प नसतो, हे कबूल. तरी उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. प्रमाद म्हणजे बेफिकिरी. आपण पाणी गाळतो, डाळ निवडतो, भाजीचं पान उलटून बघतो. स्वयंपाकघरातला तो डोळा अंगणातल्या चरापाशी का मिटावा?

दुसरी गोष्ट शेजाऱ्याच्या बांधाची. सरळ नेली तर केबल वाचते, म्हणून त्याच्या शेताच्या कोपऱ्याखालून न विचारता नेणं म्हणजे अदत्तादानच. न दिलेलं घेणं. देवासात तर १९४८ पर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं एकाच गावात नांदली. हद्द कुणाची, हे विचारून पाऊल टाकायची सवय या मातीला जुनीच आहे. शेजाऱ्याला विचारावं, 'नाही' म्हणाला तर वळसा घालावा. केबल थोडी जास्त लागेल, इतकंच.

आणि काम झालं की केबल कुठून गेली, किती खोल, याचा साधा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा, सुनेला-मुलाला दाखवावा, वाटेवर खुणेचे दगड रोवावेत. अहिंसा पुष्कळदा अशीच असते: अडीच फूट खोल, विटांनी झाकलेली, आणि जिच्यासाठी कुणी आपलं नाव घेणार नाही अशी.